जवसात शिजवलेले ब्रेक

आप्पा,

माझ्या घरात जवसाचं तेल येत नाही. जवसाची चटणीही होत नाही. आपल्या भागात त्या चटणीवाचून लोकांच्या घशाखाली भाकरी उतरत नाही, त्यामुळं सुनेला हे म्हातारीचं खूळ वाटतं. एकदा तिनं हौसेनं जवस भाजायला घेतला तर मी उठून भर उन्हात ओट्यावर जाऊन बसले. का ते मी तिला सांगितलं नाही. आपल्या घरात न सांगण्याची चाल तुमच्यापासूनची आहे. परवा धाराशिवहून एस.टी.नं येरमाळ्याला चालले होते, तर घाटात एक मालट्रक कडेला उभा. मागच्या चाकांतून धूर निघत होता आणि ड्रायव्हर टोपलीएवढ्या दगडावर बसून बिडी ओढत होता. आमच्या गाडीतल्या बायकांनी पदर नाकाला लावले. मी मात्र खिडकीतून डोकं बाहेर काढून वास घेतला. तो वेगळा होता, आपल्या घरातला नव्हता. तरी त्या दिवसापासून तुम्ही डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

आपलं घर कळंबला मोंढ्यामागं होतं. पुढं तुमचा मोटारदुरुस्तीचा कारखाना, मागं माझं स्वयंपाकघर, आणि मध्ये दार असं नव्हतंच. आई गेल्यावर तर कारखाना सरळ चुलीपर्यंत आला. लढाईच्या दिवसांत मोटारींचा माल येईनासा झाला, ब्रेकचं लायनर, म्हणजे चाक धरून ठेवणारा पट्टा, तर डोळ्यांना दिसेना, तेव्हा तुम्ही ते घरीच बनवायला लागलात. सरकी काढायच्या जिनातला जुना जाड सुती पट्टा आणायचा, सोडा घालून उकळून त्याचा मळ काढायचा, मग जवसाच्या तेलात राळ घालून ते उकळायचं आणि पट्टा त्यात बुडवून ठेवायचा. सावलीत वाळला की दोन लोखंडी पाट्यांमध्ये दाबून, कढईतल्या तापल्या वाळूत भाजायचा. वाळूवर बसायचं काम माझं. तुम्ही कारखान्यातून ओरडायचात, "लई जाळ नगं, करपंल!" आणि मी इकडून म्हणायची, "भाकरी करपू देत न्हाय म्या, पट्टा करपू दीन व्हय?" तेव्हा तुम्ही हसायचात. आठ-आठ दिवस घरात तोच वास. भाकरीला, केसांना, माझ्या लग्नातल्या शालूलासुद्धा. गावातल्या बायका मला विचारायच्या, काय गं, रोज जवसाचंच कालवण असतं का तुमच्यात.

तो पट्टा कसा आहे हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं, आणि तुमच्याखालोखाल मला. थंड असताना तो विकतच्या लायनरपेक्षाही घट्ट धरायचा. पण एकदा का तापला, की आतलं तेल वर यायचं, काच होऊन बसायचं आणि चाक त्याच्यावरून घसरून जायचं. तुम्ही प्रत्येक ड्रायव्हरला बजावायचात, घाटात निम्म्यात गाडी उभी करा, चाकाला हात लावून बघा, गार झालं की मगच पुढं निघा. कळंबहून येरमाळ्यावरून बार्शीला जाणारी सर्व्हिस मोटार होती ना, कोळशाच्या गॅसवर चालणारी, ती त्याच पट्ट्यांवर घाट उतरत होती. धान्याचे व्यापारी, माहेरी निघालेल्या बाया, बार्शीच्या दवाखान्यात जाणारे आजारी, टपावर पोती. त्या चैत्रात यात्रेच्या गर्दीत ती घाटात उभी राहिलीच नाही. ड्रायव्हरला घाई होती, पट्टे तापले, आणि गाडी कठड्याला घासत घासत कशीबशी थांबली. खाली दरी. एका बाईच्या हातातलं पितळेचं ताम्हण खाली गेलं, ते आदळल्याचा आवाजसुद्धा वर आला नाही म्हणे. तुम्ही मालकाकडं गेलात, लायनर मिळेपर्यंत गाडी बंद ठेवा म्हणालात. मालक गळ्यातलं इष्टलिंग हातात धरून म्हणाले, "मिस्त्री, महादेव हाय की राखणारा. ऐन हंगामात गाडी बंद ठिवली तर परवाना दुसऱ्याला जाईल." घरी येऊन तुम्ही जेवला नाहीत. मी ताट झाकून ठेवलं.

आणि तेवढ्यात जहागीरदारांची शर्यत निघाली. त्यांचा मेहुणा हैदराबादहून दोन माणसांची चपळ मोटार घेऊन आला होता आणि भर बैठकीत म्हणाला होता, की तुमची गाडी म्हणजे हत्ती, मिरवायला बरी. झालं. मांजरेच्या काठी जहागिरीचं पडीक रान होतं, तिथं बैलांनी दगडी रूळ ओढून, पखालींनी पाणी मारून रिंगण तयार केलं. लांबट, दोन्ही टोकांना आवळलेलं. जहागीरदार स्वतः कारखान्यात आले आणि तुमच्या पुढ्यात उभे राहून म्हणाले, "मिस्त्री, हत्ती भी दौडता, ये दिखाना है लोगां को." तुम्ही होय म्हणालात. नाही म्हणायची सोय त्या काळात होती कुठं? गाडी चालवणार होते हे. माझा नवरा, तुमचा जावई, जहागीरदारांचा पगारी ड्रायव्हर, आणि मागं-पुढं कुणी नाही म्हणून तुमच्याच घरात राहणारा घरजावई. लोक त्यांना त्यावरून टोचायचे आणि ते हसून सोडून द्यायचे. रागवायला येतच नव्हतं त्यांना. खोटं बोलायलाही येत नव्हतं. एकदा जहागीरदारांनी विचारलं, गाडीवर ओरखडा कुणी पाडला, तर कुणी पाहिलेलं नसताना हे म्हणाले, म्याच पाडला.

ते दोन-तीन आठवडे मला आजही डोळ्यांपुढं दिसतात, कारण मी तुम्हाला इतकं खुशीत कधी पाहिलं नव्हतं. जहागीरदारांची सात माणसांची अमेरिकन मोटार आपल्या अंगणात उभी आहे. तुम्ही तिचा टप काढता, मागच्या गाद्या काढता, पाय ठेवायच्या फळ्या, जादा चाकं, दारं, सगळं काढून भिंतीला लावता. हे म्हणतात, "मामा, इंजिन लई दांडगं हाय, वजनाचं काय येवढं?" तुम्ही पान्यानं चाकावर टकटक करून सांगता, "पळवायचं कौतिक न्हाय, जावईबापू. थांबवायचं वजन मोजा. घाटात तापलं तर उभं ऱ्हाऊन बिडी वढता येती. रिंगणात बिडी कुठं वढणार?" प्रत्येक फेऱ्याला दोन वळणं, प्रत्येक वळणाला ब्रेक, आणि गार व्हायला उसंत नाही, म्हणून तुम्ही चाकांमागच्या पत्र्यांना भोकं पाडलीत, वारा आत जायला पत्र्याची नाळकी बसवलीत. आणि लायनरसाठी जहागीरदारांना सांगितलंत की सुती पट्टा इथं चालायचा नाही, चामडं तर नाहीच नाही, पितळी तार विणलेला विलायती पट्टाच पाहिजे. त्यांनी माणूस मुंबईला धाडला. राखाडी रंगाची गुंडाळी आली, कोऱ्या गोणपाटाचा वास असलेली. तुम्ही ती हातात घेऊन बराच वेळ नुसते बसून होतात.

एक दुपार तर मी कुणाला दिली नसती. चारी चाकं ओंडक्यांवर उचललेली, आणि ब्रेक सारखा लागतो का ते बघायला तुम्हाला कुणीतरी ब्रेकचा पायटा दाबायला पाहिजे होतं. हे जहागीरदारांकडं गेलेले. तुम्ही मला हाक मारलीत. नऊवारीचा काष्टा सावरत मी जहागीरदारांच्या गादीवर बसले, आणि तुम्ही एकेक चाक हातानं फिरवत म्हणत होतात, "दाब... सोड... आता जरासा दाब." कुठलं चाक आधी धरतं, कुठलं मागं राहतं, ते पायाला कळायला लागलं. मी म्हणाले, "आप्पा, उजव्या अंगाचं म्होरलं उशिरा धरतंय." तुम्ही ब्रेकची सळई अर्धा आटा आवळलीत, पुन्हा फिरवलंत आणि म्हणालात, "पोरगा असतीस तर कारखाना तुज्या नावानं केला असता." मी म्हणाले, "पोरीच्या नावानं करा की." तेव्हा तुम्ही मला तुमचा छोटा पाना दिलात, तो अजून माझ्यापाशी आहे. त्या दिवशी कुठला पट्टा बसवला होता ते मी विचारलं नाही. विचारायचं कशाला? विलायती पट्टा गाडीसाठी आला होता, आणि मी आदल्या आठवड्यात वाळूत भाजले होते ते सर्व्हिस मोटारीसाठी. सगळ्या जगाला हेच ठाऊक होतं.

शर्यतीच्या दिवशी सकाळी तुम्ही चाकापुढं नारळ फोडलात, लिंबं ठेवलीत आणि ह्यांना बाजूला घेऊन म्हणालात, "चार फेऱ्यांच्या पुढं ब्रेकावर भरवसा ठिवू नगा. खालचा गेर टाकून गाडीचा येग मारा. हरलं तर हरलं." हे हसले. म्हणाले, "मामा, आवो कोरं लायनर हाय की." तुम्ही खाली वाकून एक नट आवळायला लागलात. तो आवळलेलाच होता. मी भाकरी बांधून देत शेजारीच उभी होते, मला दिसलं, आणि तरी मला काही वाटलं नाही.

बायकांसाठी लिंबाच्या झाडाजवळ बैलगाड्या सोडल्या होत्या, पुढं आडोशाला गोणपाटाचं चवाळं बांधून. तिथंच रिंगणाचं आवळलेलं वळण. सर्व्हिस मोटारीच्या मालकानं आपली गाडी भरून माणसं आणली होती, ती मागं उभी. धूळ, वाजंत्री, पोरांचा गिल्ला. दोन्ही गाड्या सुटल्या. पहिले फेरे आपला हत्ती खरंच धावला. मेहुण्याची गाडी वळणाला सरस आणि आपली सरळ धावेला, लोक नुसते टोप्या उडवत होते. मी चवाळ्याला भोक पाडून बघत होते. मग एका फेऱ्याला आपली गाडी वळून गेली आणि वारा आमच्या अंगावर आला. आप्पा, त्या वाऱ्यावर माझी चूल होती. जवस. राळ. करपलेला जवस. शेजारची बाई म्हणाली, "आगं बया, कुणाचं कालवण लागलं?" त्या रानात एवढी माणसं होती, पण काय झालं आहे हे फक्त दोघांना कळलं होतं, तुम्हाला आणि मला. मी चवाळं वर करून बाहेर धावले, मोठमोठ्यानं ओरडले, थांबवा म्हणाले. वाजंत्र्यांपुढं माझा आवाज तो केवढा! पलीकडं तुम्हीही डोक्यावरचा पटका सोडून हवेत हलवत होतात. पुढच्या वळणाला गाडी वळलीच नाही. सरळ आली. वळणाबाहेर तो दगडी रूळ कुणीतरी तसाच टाकून ठेवला होता, त्याच्यावर आदळली.

त्यांचा डावा पाय पुढच्या पत्र्यात अडकला होता. बाहेर काढलं तेव्हा ते शुद्धीत होते आणि जहागीरदारांना म्हणत होते, हुजूर, गाडी मोडली. सर्व्हिस मोटार तिथंच होती म्हणून तीतच घातलं, आणि बार्शीचा रस्ता धरला. तुम्ही ड्रायव्हरजवळ पुढं बसलात. मी मागं, त्यांचं डोकं मांडीवर घेऊन. येरमाळ्याचा घाट आला. ड्रायव्हर सवयीनं निम्म्यात गाडी उभी करायला लागला तर तुम्ही म्हणालात, "थांबू नगंस. धरतंय ते." आणि गाडी धरत होती. प्रत्येक वळणाला गुमान धरत होती, ना धूर ना वास. तेव्हा मला उरलेलं कळलं. जहागीरदारांचा विलायती पट्टा माझ्या बुडाखालच्या चाकांना होता. त्यांचं रक्त लुगड्यात मुरत होतं, आम्ही लवकर पोचावं म्हणून मी देवाला हात जोडत होते, आणि जितक्यांदा तो ब्रेक लागत होता तितक्यांदा तुम्हाला शिव्या घालत होते. दोन्ही एकाच तोंडानं.

पाय गुडघ्याखाली काढला. दवाखान्याच्या पडवीत मी तुम्हाला गाठलं. आरडाओरडा केला नाही. एवढंच म्हणाले, "आप्पा, का?" तुम्ही भिंतीकडं तोंड करून बसला होतात. म्हणालात, "त्या मोटारीत रोज माणसं बसत्यात. त्येंनी काय शर्यत लावलीया व्हय?" मी म्हणाले, "मंग ह्यांना का सांगितलं न्हाय? सांगितलं असतं तर हळू चालवली असती." तुम्ही म्हणालात, "जावईबापूंना खोटं बोलता येत न्हाय. जहागीरदारांनी सहज जरी इचारलं असतं तरी खरं सांगून बसले असते. पट्टा माघारी गेला असता." आणि मग, "म्या हळू चालवा म्हणालो हुतो, पोरी." शहाण्याला शब्दाचा मार असतो म्हणतात. पण ज्याला निम्माच शब्द दिला त्यानं शहाणं व्हावं कसं? हे मी तेव्हा बोलले नाही. मी पदर तोंडात घालून आत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी तुम्ही आपल्या पायांनी जहागीरदारांकडं गेलात आणि सगळं सांगितलंत. त्यांनी तुम्हाला दिवसभर देवडीपुढं उन्हात उभं केलं. कळंबात ही बातमी फिरली तेव्हा अर्धा मोंढा तुम्हाला देवमाणूस म्हणत होता आणि अर्धा म्हणत होता, पोटच्या पोरीचं कुंकू पणाला लावणारा हा कसला बाप. सर्व्हिस मोटारीच्या मालकांनी महादेवाला अभिषेक केला. संध्याकाळी तुम्ही घरी आलात, ओठ फुटलेले, आणि मी तांब्या पुढं सरकवला. बोलले नाही. मग ते न बोलणंच चालू राहिलं. वेळेवर जेवायला वाढलं, धोतर धुतलं, तुमच्या अंथरुणाची घडी घातली, पण कामापलीकडं शब्द काढला नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, चावणार कुणाला? निझामाचं राज्य गेलं, जहागिरी गेल्या, गावात मराठी शाळा निघाली आणि तुम्ही शिकवलेल्या अक्षरांच्या जोरावर मला तिथं बाईंची नोकरी लागली. तेव्हा तुम्ही कारखान्यातून उठून दारापर्यंत आलात, काहीतरी म्हणायला. मी चप्पल घालून निघून गेले.

आणि हे? हे तुमच्याजवळ कारखान्यातच बसायचे, लाकडी पाय बाजूला काढून, सळया घासत. तुम्ही दोघं तासन्‌तास ब्रेकविषयी बोलायचात. मला आग लागायची ते बघून. एकदा मी त्यांना विचारलंच, तुम्हाला राग कसा येत नाही? ते म्हणाले, "मामांनी केलं ते बरोबरच केलं. पर मला सांगाया पायजे हुतं." दोन्ही वाक्यं एका दमात, आणि पुन्हा सळई घासायला लागले. मी त्यातलं एकच वाक्य धरून इतकी वर्षं काढली. तुमच्या शेवटच्या तापात तुमचा हात हवेत फिरत होता, चाक फिरवावं तसा, आणि तुम्ही म्हणत होतात, दाब... सोड... मी पायथ्याशी बसले होते. ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी पाणी आणायला उठले.

आता तेही नाहीत. माणूस सुखानं गेला, नातवंडं बघून गेला. सून मघाशी विचारून गेली, कुणाला एवढं लांबलचक लिहिताय? मी म्हटलं, कळंबला. ती म्हणाली, द्या, बाजारात जाताना टाकते पेटीत. मी म्हटलं, पत्ता घालायचा राहिलाय. कळंबात आपलं आता कुणी नाही आणि कारखान्याच्या जागी कापडाचं दुकान झालं आहे.

एक राहिलं. त्या सर्व्हिस मोटारीत रोज कोण बसायचं ते मला पाठ होतं. आपल्या आळीतली कासारीण, जिनातला मुनीम, माझ्या शेजारची बाळंतपणाला बार्शीला गेलेली मैत्रीण. तिचं लेकरू त्या घाटातूनच घरी आलं. पुढं मीच त्याला शाळेत बाराखडी शिकवली, त्याच्या तोंडाकडं बघून मला तुमची आठवण यायची. हे सगळं ठाऊक असूनही, आप्पा, तुम्ही त्या दुपारी मला पायटा दाबायला बसवलं होतं तेव्हा जर विचारलं असतंत की कुठला पट्टा कुणाला, तर मी म्हणाले असते, विलायती ह्यांना. क्षणाचाही विचार केला नसता. आज विचारलंत तरी तेच म्हणेन. तुम्हाला ते माहीत होतं, म्हणून तुम्ही विचारलं नाहीत. मला हे कळतं, कळून बरीच वर्षं झाली. राग मात्र अजून गेलेला नाही.